उसनं नाक

एकोणीसशे शहाण्णव साल होतं ते. बांधावरच्या चहाच्या टपरीत पहिला टेलिफोन त्याच वर्षी आला, आणि तो आला म्हणूनच व्यापाऱ्याचा निरोप इतक्या तातडीने पोचला. नाहीतर आणखी चार दिवस तरी वहिनींची झोप शाबूत राहिली असती.

बांध म्हणजे खाडीच्या कडेने गेलेला दोन मैलांचा मातीचा रस्ता. त्याच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला ओळीने कोळंबीची तळी. पाण्यात हवा खेळवणारी चक्रं दिवसभर फटफट करत असत, त्यामुळे तिथली माणसं घरातसुद्धा मोठ्याने बोलत. तेरावं, चौदावं आणि पंधरावं तळं दादा-वहिनींचं. दोघांना ही नावं वन्संमुळे पडली. वन्सं म्हणजे दादांची धाकटी बहीण, लग्न न करता भावाच्याच घरी राहिलेली. त्या 'दादा' आणि 'वहिनी' अशा हाका मारायच्या, मग हळूहळू सगळा बांधच तसं म्हणायला लागला. खेकडे पाळणारा म्हातारा खेकडेमामा वहिनींच्या वडिलांच्या वयाचा, पण तोही त्यांना वहिनीच म्हणे.

वहिनींचं नाव झालं होतं ते त्यांच्या मिश्रणामुळे. ठेचलेला लसूण, हळद, तांदळाचा कोंडा, काकवी, आणि आधीच्या पिंपातलं ओंजळभर जुनं मिश्रण विरजणासारखं. हे सगळं निळ्या पिंपात पाण्यात कालवून, झाकून ठेवायचं आणि दिवसातून दोनदा ढवळायचं. आंबून तयार झालं की खाद्याच्या गोळ्यांवर शिंपडायचं, गोळ्या सावलीत सुकवायच्या आणि मग तळ्यात टाकायच्या. त्याने कोळंबीचं पोट बरं राहतं, कवच टणक होतं, बारीकसारीक रोग धरत नाही, असं वहिनींचं म्हणणं. सहा वर्षांत तळ्यांनी ते एकदाही खोटं पाडलं नव्हतं.

सगळी मेख होती ती मिश्रण कधी तयार झालं हे ओळखण्यात. कच्चं टाकलं तर कोळंबी गोळीला तोंड लावत नाही. जास्त झालं तर ते कुजतं, आणि जो रोग टाळायचा तोच आपल्या हाताने तळ्यात पडतो. उन्हाळ्यात तीन दिवस, थंडीत सहा, आणि मळभ असलं की कुणी काही सांगू नये. घड्याळाचा उपयोग नाही, कॅलेंडरचा तर नाहीच. कामाचं एकच, नाक. वहिनी झाकण उचलत, पिंपात मान घालत, डोळे मिटत आणि तिथूनच सांगत, "अजून नुसता लसूणच बोलतोय. उद्या संध्याकाळी बघू." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बरोब्बर तयार झालेलं असे.

"वहिनी, त्या नाकाचा विमा उतरवा," खेकडेमामा म्हणायचा.

"हप्ता तुम्ही भरणार असाल तर उतरवते," वहिनी म्हणायच्या आणि त्याची बादली भरून द्यायच्या. मामा त्यात चिरलेली मासळी बुडवून आपल्या खेकड्यांना घालायचा. बांधावरची अशी बारा जणं बादली घेऊन यायची. वहिनी कुणाकडून एक छदामही घेत नसत. घ्यायच्या ती एकच गोष्ट. बादली उचलणाऱ्याने म्हणावं लागे, "छान झालंय." तेवढ्यावर त्यांचं पोट भरे.

पंचाण्णवच्या डिसेंबरात वहिनींना ताप आला. अकरा दिवस चढत-उतरत राहिला. बाराव्या दिवशी उतरला तो कायमचा, पण जाताना त्यांचा वास घेऊन गेला. त्यांना कळलं ते असं, की शेगडीवर समोर दूध करपून काळं झालं आणि त्या शेजारी बसून लसूण सोलत राहिल्या. वन्सं अंगणातून पदराने नाक दाबत धावत आल्या तेव्हा वहिनींनी मान वर केली. मग त्यांनी एकेक करून सगळं हुंगून पाहिलं. रॉकेल, साबण, कांदा, शेवटी स्वतःच्या हाताचा लसूण. काही नाही. जणू जगावर काच बसवली होती.

"येईल कधीतरी," डॉक्टर म्हणाले. "किंवा नाहीही येणार."

ही गोष्ट वहिनींनी दोनच माणसांना सांगितली. "बाहेर कुणाला कळता कामा नये," असं त्यांनी बजावलं. "नाक गेलं म्हटलं की मिश्रण गेलंच म्हणून समजा."

"मी काय दवंडी पिटायला चाललोय?" दादा म्हणाले.

वन्सं मात्र जवळ येऊन बसल्या. दोघींचं गूळपीठ जुनं होतं. वीस वर्षं रोज सकाळी दोघी ओट्यावर बसून लसूण सोलत, आणि वन्सं बांधावरच्या एकेकाची अशी हुबेहूब नक्कल करत, की वहिनींच्या हातातली सुरी गळून पडे. त्या दिवशी वन्सं म्हणाल्या, "माझं नाक घ्या, वहिनी. नाहीतरी मला त्याचा काय उपयोग? ना कुणापुढे मुरडता आलं, ना कुणाचं कापता आलं."

वहिनी हसल्या खऱ्या, पण त्यांना ते पटलं नाही. आपल्या अंदाजावर त्यांचा अजून भरवसा होता. डिसेंबरच्या शेवटचं पिंप त्यांनी नुसत्या बोटाच्या चिकटपणावरून ठरवलं, आणि ते चुकलं. आठवड्याभरात चौदाव्या तळ्याची रया गेली. कोळंबी किती खाते ते बघायला पाण्यात एक जाळीचं ताट सोडलेलं असतं. सकाळी ते वर ओढलं तर गोळ्या तशाच, आणि त्यांच्यात पडलेली सहा-सात कोळंबी, मिशा तुटलेल्या, शेपट्या लाल. वहिनी ताट हातात धरून किती वेळ तशाच उभ्या राहिल्या.

घरी येऊन त्या वन्संना म्हणाल्या, "द्या तुमचं नाक."

मग दोघींनी एक युक्ती काढली. लोकांसमोर वहिनीच झाकण उचलणार, पूर्वीसारखी मान आत घालणार, डोळे मिटणार. वन्सं शेजारी उभ्या राहून त्यांच्या कोपराला चिमटा काढणार. एक चिमटा म्हणजे अजून नाही, दोन चिमटे म्हणजे झालं. पहिल्या दिवशी वन्संनी इतक्या जोरात चिमटे काढले, की खेकडेमामासमोरच वहिनी "आई गं!" म्हणून ओरडल्या. मामाने विचारलं, "काय झालं?" तर वन्सं म्हणतात, "लसूण नाकात गेला असेल." मामा गेल्यावर दोघी पोट धरधरून हसल्या.

आणि नवल म्हणजे दहा दिवसांत चौदावं तळं सावरलं. ताट रिकामं होऊन वर यायला लागलं. तुटलेल्या मिशा पुन्हा वाढल्या. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वन्संना म्हणाल्या, "तुमचं नाक माझ्यापेक्षा तयार निघालं हो." वन्सं उठून सालं टाकायला गेल्या.

दादाही बदलले होते. बावीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाने पाण्याचा तांब्या जागेवरून उचलला नव्हता, तो म्हणायला लागला, "तापाने तुझी हाडं खिळखिळी झालीत. दुपारी पडत जा जरा. दुपारचं ढवळणं माझ्याकडे." आणि खरंच, रोज दुपारी जेवणं झाली की दादा लाकडी वल्हं घेऊन पिंपाच्या खोलीत जात. आतून ढवळल्याचा डुबुकडुबुक आवाज येई, आणि तो ऐकत वहिनींना झोप लागे. लांब दिलेल्या बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी लिहिलं, 'बावीस वर्षांनी ह्यांना माझी कंबर दिसली.'

मिश्रणाचं नाव चहूकडे झालं. त्या वर्षी आजूबाजूच्या कितीतरी तळ्यांत रोग आला, पण वहिनींची बादली नेणाऱ्या बारा जणांकडे आला नाही. एप्रिलात मत्स्यशेतीच्या केंद्राने वहिनींना बोलायला बोलावलं. चाळीसेक माणसं खुर्च्यांवर बसलेली, समोर टेबल, टेबलावर पाण्याचा पेला. लसूण किती, हळद किती, कोंडा कसा चाळून घ्यायचा, हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी आवाज चढवला. "माझ्या पिंपात औषधाचा कणही नाही. औषध घालून तर कुणीही कोळंबी जगवेल."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. त्याच्या शेजारचाही हसला. पुढच्या रांगेत बसलेल्या खेकडेमामाला एकाएकी खोकला आला आणि त्याने रुमालात तोंड घातलं. वहिनींना वाटलं, आपला आवाज चिरकला म्हणून हसले असतील.

केंद्राच्या साहेबांनी दादांनाही दोन शब्द बोलायला सांगितलं. दादा उभे राहिले, मान खाजवली आणि म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही बुवा. मिश्रण तिचं." टाळ्या पडल्या. वहिनींना ते वाक्य इतकं गोड वाटलं, की परतताना बसमध्ये त्या मनातल्या मनात ते घोळवत राहिल्या.

मे महिन्यात व्यापारी हमीपत्र घेऊन आला. परदेशातल्या खरेदीदारांनी आता कागद मागितला होता, की मालात कुठलंही जंतुनाशक औषध वापरलेलं नाही. बारा जणांनी एकमुखाने सांगितलं, मिश्रण वहिनींचं आहे, तर सहीही वहिनींचीच घ्या. वहिनींनी कागद तीनदा वाचला. खाली त्यांचं नाव टंकलेलं होतं, ठळक.

"अहो, करू ना सही?"

दादा पंपाचा पट्टा बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. "कर की."

वन्सं दारात लसूण निवडत होत्या. त्या उठल्या आणि पाणी आणायला म्हणून आत गेल्या. पाणी कुणी मागितलं नव्हतं. वहिनींनी पेन झटकून, वळणदार अक्षरात सही केली.

ऑगस्टमध्ये टपरीतला टेलिफोन वाजला. टपरीवाला धापा टाकत आला. माल परत पाठवला होता. कोळंबीत औषध सापडलं होतं, खेकड्यांतही. बाराच्या बारा जणांचा. उद्या तपासनीस येणार होत्या.

वहिनी म्हणाल्या, "काहीतरी घोटाळा आहे. आमच्याकडे औषध कुठून येणार? येऊ दे त्यांना. मी पिंपच दाखवते." त्या रात्री दादा जेवले नाहीत, पोट बरं नाही म्हणाले. वहिनींनी त्यांना ओवा दिला.

तपासनीस बाई अगदी तरुण होत्या. पायात रबरी बूट, खांद्याला नमुन्याच्या बाटल्यांची पिशवी. त्यांच्यामागे बारा जण, त्यांच्या बायका, टपरीवाला, असा सगळा बांधच पिंपाच्या खोलीशी लोटला. खाद्य विकणारा दुकानदार तेवढा दिसत नव्हता.

"मिश्रण कोण करतं?"

"मी."

"दाखवा."

वहिनींनी झाकण उचललं. सवयीने मान आत घातली, डोळे मिटले. आणि सवयीनेच असेल, शेजारी उभ्या असलेल्या वन्संनी कोपराला चिमटा काढला. दोन चिमटे.

वहिनींनी अभिमानाने मान वर केली. "आजच तयार झालंय. बघा वास घेऊन. कसा आंबूस, गोडसर सुटलाय."

तपासनीस बाई वाकल्या आणि चटका बसावा तशा मागे झाल्या. "गोडसर? अहो, हा तर औषधांच्या कपाटाचा वास आहे. दारातच माझ्या नाकात गेला. तुम्हाला येत नाही?"

कुणी हसलं नाही. बाहेरच्या चक्रांची फटफट तेवढी ऐकू येत होती. वहिनींनी आपल्या कोपराकडे पाहिलं. वन्संचा हात अजून तिथेच होता. त्यांच्या बघण्याबरोबर तो हळूच निघून गेला.

मग वहिनींनी पिंपात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. आंबट लागायला हवं होतं. लागलं कडू, जहर कडू. हळदीचा कडवटपणा त्यांना ठाऊक होता, हा तो नव्हता. घशापर्यंत जीभ आखडली. वास गेला तरी जीभ शाबूत होती. सात महिन्यांत तिला विचारावं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. नाक होतं ना, घरातलंच, भरवशाचं.

"हळदीत मिसळलेली पिवळी पावडर आहे," तपासनीस बाई बाटली उजेडात धरून म्हणाल्या. "कुणी टाकली?"

वहिनींनी दादांकडे पाहिलं. काही विचारायला म्हणून नव्हे. अडचणीत माणूस आपोआप ज्याच्याकडे बघतो, त्याच्याकडे बघितलं, एवढंच. दादांनी घसा खाकरला. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही. मिश्रण तीच करते."

तेच वाक्य. त्यातला 'बुवा' तेवढा गळला होता.

वहिनींच्या कानात दुपारचा डुबुकडुबुक आवाज घुमायला लागला. सात महिन्यांच्या सगळ्या दुपारी एकदम. कंबर, हाडं, पडत जा जरा. त्यांनी पिंपाची कड धरली.

"वन्सं, तुम्हाला वास येत होता?"

"वहिनी, आत चला ना. घरात बोलू."

"येत होता की नाही?"

वन्संनी पदराचं टोक धरलं. "दादा म्हणाला, थोडे दिवस... तळं वाचत होतं हो. आणि नाव तुमचंच होत होतं."

"दोन चिमटे काढायचात तुम्ही. रोज."

वन्संनी पदर तोंडात घातला.

वहिनी तपासनीस बाईंकडे वळल्या. "लिहून घ्या. मला वास येत नाही. डिसेंबरपासून एकही वास आलेला नाही. ते मी सगळ्यांपासून लपवलं, ती माझी चूक. मिश्रण माझं. औषध माझं नाही."

"हे बरंय," मागून कुणीतरी म्हणालं. "आता नाकावर ढकला."

वहिनींनी वळून पाहिलं. बारा जण होते. सहा वर्षं त्यांच्या हातची बादली नेणारे. त्यांच्या चेहऱ्यांवर राग होता, काळजी होती, पण नवल कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हतं. ते वहिनींना हळूहळू समजलं.

"मामा," त्या खेकडेमामाला म्हणाल्या, "तुम्हाला येत होता वास?"

मामा टोपी काढून हातात फिरवायला लागला. "सगळ्यांनाच येत होता, वहिनी. तुम्ही झाकण उचललंत की टपरीपर्यंत यायचा. आम्ही समजलो, तुमचं धंद्यातलं गुपित असेल. तिथे केंद्रात तुम्ही कणही नाही म्हणालात, तेव्हा म्हटलं, काय पक्की बाई आहे! डोळ्याची पापणी हलली नाही."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तुम्ही टाकणं बंद केलं असतं," मामा खाली बघत म्हणाला. "खेकडे जगत होते ना."

म्हणजे ते फिसकन हसणं त्यासाठी होतं. तो खोकलाही त्यासाठीच होता. 'छान झालंय' म्हणून बादली उचलणारा प्रत्येकजण त्यांना लबाड समजून, त्यांच्या लबाडीवर खूश होऊन घरी जात होता. आपला शब्द आज मोडला असं वहिनींना मघापासून वाटत होतं. तो सात महिन्यांपूर्वीच मोडला होता, साऱ्या बांधाच्या देखत. त्यांनाच काय तो पत्ता नव्हता.

सगळे गेल्यावर वहिनी पंपाच्या खोलीत गेल्या. पोत्यांच्या मागे औषधाच्या रिकाम्या पाकिटांची चवड होती, नीट दोरीने बांधलेली. दादा कधीच काही फेकून देत नसत.

"दुकानदाराने दिली," दादा दारातून म्हणाले. "जानेवारीत. चौदावं डोळ्यांदेखत मरत होतं. तुला सांगितलं असतं, तर तू टाकू दिलं असतंस?"

"नाही."

"मग? तळं मेलं असतं."

"मेलं असतं. पण माझ्या हाताने मेलेलं, माझं तळं असतं ते. आता जगलेलंही माझं नाही."

दादा आत आले आणि पंपाशी वाकले.

"ते जाऊ दे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही घाबरलात, टाकलंत. बायकोचं मन मोडायला नको, म्हणून बोलला नाहीत. तेही एकवेळ मी गिळेन. पण मघाशी? सगळ्यांपुढे? तो कागद माझ्या नावाचा आहे हे ठाऊक असताना?"

दादांनी पाना उचलला आणि पंपाचा पट्टा आवळायला घेतला. पट्टा घट्टच होता. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी तेव्हाही दिलं नाही आणि नंतरही कधी दिलं नाही.

बारा जणांचा माल चुना टाकून खड्ड्यात पुरला गेला. केंद्राच्या यादीत वहिनींच्या नावापुढे शेरा पडला, आणि तीन वर्षं त्यांच्या नावावर कुठलाही व्यापारी माल उचलणार नव्हता. टपरीसमोरून त्या गेल्या की बोलणी थांबत. वहिनींनी घर सोडलं नाही. माहेरी कुणी उरलं नव्हतं, आणि जायचं म्हटलं तरी कुठे हा प्रश्न होताच. त्यांनी एवढंच केलं, की आपली उशी आणि ते निळं पिंप उचललं आणि पंधराव्या तळ्याकाठच्या खोलीत नेऊन ठेवलं. पंधरावं सगळ्यांत लहान, एका कोपऱ्यातून झिरपणारं. "हे मला द्या," असं त्या म्हणाल्या. दादांनी मान डोलावली.

जुनं विरजण त्यांनी ओतून दिलं, पिंप उन्हात तीन दिवस पालथं घातलं आणि मुळापासून सुरुवात केली. लसूण एकटीने सोलला. आता त्या नाकाचं सोंग करत नव्हत्या. झाकण उचलायच्या, बोट बुडवायच्या आणि जिभेला लावायच्या. कच्चं असलं की तिखट, झालं की आंबट आणि मागून किंचित गोड, जास्त झालं की जिभेवर बुळबुळ. शिकायला वर्ष गेलं. पहिल्या हंगामात तळ्यातली अर्धी कोळंबी मेली. वहिनींनी ती स्वतः जाळीने काढली, स्वतः पुरली. दुसऱ्या हंगामात चौथा हिस्सा मेला. तिसऱ्या वर्षी त्यांनी नमुना बाटलीत घालून स्वतःच्या हाताने केंद्रात नेऊन दिला. औषध निघालं नाही. त्याचा कागद त्यांनी कुणाला दाखवला नाही. खोलीतल्या भिंतीवर, आतल्या बाजूला, चिकटवून ठेवला.

मिश्रणात जादू नव्हती हे त्यांना त्या तीन वर्षांत कळलं. ते चांगल्या तळ्याला चांगलं ठेवायचं, पण मरणाऱ्याला परत आणायचं नाही. त्या कुणी विचारलं तर तसंच सांगत, त्यामुळे फारसं कुणी न्यायला येत नसे.

दादांनी चौदावं दोन वर्षांत विकलं आणि तेरावं भाड्याने दिलं. संध्याकाळी ते पंधराव्याच्या बांधावर येऊन बसत. वहिनी चहा देत, बोलणं व्हायचं ते पाण्यापावसाचं. दोन हजार नऊ साली ते गेले, झोपेत, कुणाला काही न सांगता.

खेकडेमामाने खेकडे सोडले आणि बदकं पाळली. एकदा तो बादली घेऊन आला होता, बदकांना चालेल का विचारायला. वहिनींनी बादली भरून दिली. 'छान झालंय' म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. पुढच्याच वर्षी तो वारला. खाद्यवाल्या दुकानदाराची मात्र चांगली भरभराट झाली. त्याने पाकिटं काढली, 'वहिनी मिश्रण, शंभर टक्के नैसर्गिक', वर हसऱ्या बाईचं चित्र. ती पाकिटं अजून मिळतात. त्यात नुसता कोंडा असतो म्हणे, म्हणजे निदान त्याने कुणाचं नुकसान तरी होत नाही. तपासनीस बाई पुढे त्याच केंद्राच्या प्रमुख झाल्या. त्यानंतर एकदा वाट वाकडी करून पंधराव्याला आल्या, पिंपावर वाकल्या, आणि म्हणाल्या, "आता येतोय, आंबूस, गोडसर." वहिनी म्हणाल्या, "असेल. मला कुठे कळतंय?" आणि दोघी हसल्या.

वन्सं त्या प्रसंगानंतर महिन्याभरात दूरच्या मावसबहिणीकडे राहायला गेल्या. दरवर्षी पत्र यायचं. वहिनी ते वाचायच्या, घडी घालून डब्यात ठेवायच्या, उत्तर पाठवायच्या नाहीत. दादा गेले तेव्हा वन्सं आल्या त्या परत गेल्याच नाहीत. कुणी थांबा म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर लसणाची परडी होती. दोघी समोरासमोर बसल्या. वन्संनी आता नकला करणं सोडलं होतं.

एका सकाळी वहिनी पिंपाचं झाकण उचलायला वाकल्या. गुडघे कुरकुरत होते, म्हणून वन्सं आधाराला आल्या. झाकण उघडलं. वन्संचा हात कोपराशी आला आणि तिथे थांबला. चिमटा काढायचं धाडस झालं नाही. त्या तोंडानेच म्हणाल्या, "वहिनी, झालंय. खरंच झालंय."

"असेल," वहिनी म्हणाल्या. त्यांनी बोट पिंपात बुडवलं, जिभेला लावलं, आणि चव नीट कळेपर्यंत डोळे मिटून उभ्या राहिल्या.